नवमीची भरती

कोयनेच्या पाण्याचा मूळ रस्ता पूर्वेचा. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळायचं आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं, असा त्याचा हजारो वर्षांचा शिरस्ता. पण १९६० च्या दशकात कोयना प्रकल्प उभा राहिला आणि शिवसागर जलाशयातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळलं. पोफळीच्या वीजघरात ते टर्बाइनं फिरवतं, कोळकेवाडीला पुन्हा कामाला लागतं आणि मग वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणीतंटा लवादानं या वळवलेल्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. उपसागराचं तिकीट काढलेलं पाणी असं अरबी समुद्रात उतरवलं जातं, आणि म्हणून वाशिष्ठी भर मे महिन्यातही वाहती असते.

पुण्याहून निघालेल्या गाडीतल्या तिघांना ही माहिती कुंभार्ली घाट उतरेपर्यंत निदान तीनदा ऐकावी लागली, कारण चौथे निवृत्त भूगोलशिक्षक होते.

बेत त्यांचाच. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीत बसायचं, चाळीसेक किलोमीटर खाडीतून जायचं आणि दाभोळला समुद्र गाठायचा. उरलेल्या तिघांत एक बँकेतून निवृत्त झालेले, म्हणून साहजिकच खजिनदार. दुसरे दंतवैद्य. तिसरे टिळक रोडपासून कोथरूडपर्यंत पट्टीचे पोहणारे म्हणून ओळखले जात आणि होडी बुडाली तर तिघांना काठावर आणण्याची हमी त्यांनी आधीच देऊन ठेवली होती.

सरांनी भरतीचं गणित घरूनच करून आणलं होतं. कोकणातला जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याला तिनानं गुणा, चारानं भागा, येईल तो भरतीचा तास. कालनिर्णयात नवमी होती. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. भरती पुरती भरली की सुटायचं आणि सुकतीबरोबर आरामात वाहत समुद्राला जायचं. जानेवारीच्या थंडीत चौघे पहाटेच गोवळकोटला हजर झाले. धक्क्यावर एक कुत्रं होतं. तांडेल नव्हते.

तांडेलमामा घरी चहा पीत होते. त्यांनी सरांचं गणित पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर हाय सर. पन ही दाभोळची भरती झाली. पानी तिथनं हितं चढून यायला वेळ लागतो. आठ वाजता या.”

समुद्राची भरती खाडीच्या तोंडापाशी आधी येते आणि मग वळणं घेत, नदीच्या प्रवाहाला मागं रेटत आत सरकते. सरांनी हा धडा तीस वर्षं शिकवला होता. आता सव्वा तास हाताशी आलाच आहे तर चिपळूणला जाऊन नाश्ता करावा, असं ठरलं. मिसळ झाली. मिसळीवर चहा झाला. दंतवैद्यांना मासळीबाजार बघायचा होता, खजिनदारांना तिथले भाव नुसतेच विचारायचे होते. चौघे परतले तेव्हा दहा वाजत आले होते. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त धक्क्याच्या दगडाकडं पाहिलं. पाण्याच्या वर दगडाचा हातभर ओला पट्टा उघडा पडला होता.

होडी सुटली. डाव्या हाताला गोविंदगड मागं पडला. नदीनं तीन बाजूंनी वेढलेली ही लहानशी टेकडी, वर तटबंदी आणि तोफा, पायथ्याला करंजेश्वरीचं देऊळ. आज इथं शांतता असली तरी एके काळी हे गजबजलेलं बंदर होतं. घाटावरचा माल कुंभार्लीनं उतरून चिपळूणला यायचा आणि गोवळकोटाहून गलबतांनी मुंबईला जायचा. चाकरमानी मुंबईहून आगबोटीनं दाभोळला उतरत आणि तिथून लाँचनं खाडीतून वर येत. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणजे मुंबई बंद. पुढं रस्ते झाले, पूल झाले, खाडीत गाळ साचत गेला आणि बंदराचं बंदरपण ओसरलं.

“गाळ किती आहे हो?” खजिनदारांनी विचारलं.

उत्तर सव्वाबाराला मिळालं. होडीच्या तळाखालून खर्रर्र असा लांबलचक आवाज आला, चौघे एकदम पुढं झुकले, इंजिनानं चिखलाचा एक काळा फवारा उडवला आणि मामांनी ते बंद केलं. चहूकडं पाणी दिसत होतं. फक्त होडीखाली नव्हतं.

चिपळूणच्या डोंगरावर परशुरामाचं देऊळ आहे. त्यानं बाण मारून समुद्र मागं हटवला आणि कोकणची भूमी मिळवली, अशी कथा. त्या दुपारी समुद्र बाणाशिवायच हटला होता.

“उतरून ढकलू या की!” पट्टीचे पोहणारे शर्टाची बटणं काढत म्हणाले. मामांनी नुसती हनुवटी उचलून काठाकडं खूण केली. पन्नासेक पावलांवर तिवरांच्या पुढ्यात चिखलात एक ओंडका पडला होता. ओंडक्यानं तोंड उघडलं.

वाशिष्ठीच्या खाडीतल्या मगरी प्रसिद्ध आहेत. त्या बघायला लोक मुद्दाम पैसे भरून होडीनं येतात. थंडीच्या दिवसांत सुकतीला चिखल उघडा पडला की त्या ऊन खायला वर येतात. रक्त थंड, त्यामुळं ऊब बाहेरूनच घ्यावी लागते, आणि अंग फार तापलं की आ वासून डोकं गार ठेवायचं. सरांनी हे सगळं खालच्या आवाजात सांगितलं. पोहणाऱ्यांनी शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत पुन्हा लावली आणि ऊन फार आहे, असं सांगून होडीच्या मधोमध बसले.

दंतवैद्य मात्र दुर्बीण डोळ्याला लावून हरखून गेले होते. “काय जबडा आहे! एक दात पडला की खालून दुसरा तयार. जन्मभर.” थोड्या वेळानं त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. “आपल्या धंद्याला इथं वाव नाही.”

मामांचा पोरगेला खलाशी तेवढ्यात सहज पाण्यात उतरला, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन नांगर टाकून आला आणि पाय धुऊन पुन्हा वर चढला. पोहणारे त्या वेळी दुसऱ्या काठाचं निरीक्षण करत होते.

आता पाणी येईपर्यंत काम नव्हतं. “आज नवमी, भांगाचं पानी. जोर नसतो त्याला. सावकाश येनार,” मामा म्हणाले. पुनव-अवसेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण येतं, आणि अष्टमी-नवमीला दोघं काटकोनात ओढतात म्हणून भरती मवाळ होते, हेही सरांना पाठ होतं. त्यांनी ते सांगितलं नाही, याची नोंद तिघांनीही घेतली.

चिखलावर मात्र दुपारची वर्दळ सुरू झाली होती. बोटभर लांबीच्या निवट्या छातीवर सरपटत, मध्येच शेपटीचा झटका देऊन टुणकन उडत, एकमेकींच्या हद्दीत शिरत होत्या आणि पाठीवरचा पंख उभारून भांडत होत्या. हा मासा ओल्या कातडीतून हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून ओहोटीला त्याची गैरसोय होत नाही. शेजारी एकच नांगी भलतीमोठी असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी उभं राहून ती नांगी वरखाली हलवत होते. हा मादीला बोलावण्याचा प्रकार. खजिनदारांना वाटलं, ते आपल्यालाच बोलावताहेत.

एकला खजिनदारांनी शिदोरी काढली: माणशी चार बाकरवड्या, दोन बिस्किटं, अर्धं केळं. मामांच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि कांदा होता. त्यांनी रीत म्हणून “घ्या” म्हटलं. रीत म्हणून “नको” म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. सहा भाकऱ्या संपल्यावर मामांनी शांतपणे बाकरवडीचा पुडा आपल्याकडं ओढला.

पावणेतीनला होडी हलली. आता भरती समोरून चढत होती आणि इंजिन कण्हत होतं. उजवीकडून खेडची जगबुडी येऊन मिळाल्यावर खाडी ऐसपैस झाली. दोन्ही काठांना कांदळवन, वर घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारी, मध्येच डोक्यावरून सुईसारखा जाणारा निळा खंड्या. उन्हं कलली तेव्हा डाव्या हाताला वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसू लागल्या. ज्या प्रकल्पानं दाभोळचं नाव जगभर केलं तो एके काळचा एन्रॉनचा कारखाना दाभोळात नाहीच. तो खाडीपलीकडं गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या बाजूला. दाभोळ दापोली तालुक्यात. नाव या काठाचं, धूर त्या काठाचा.

दाभोळला त्याआधीही नाव होतं. बहामनी काळात अरबस्तान-इराणपर्यंतचा व्यापार इथून चाले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडानं हे शहर जाळलं. त्याच्या काही दशकं आधी अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानची भटकंती आटोपून इथूनच परत निघाला. होर्मुझपर्यंतचं भाडं त्यानं दोन सोन्याची नाणी दिलं. जहाज महिनाभर भरकटलं आणि दिसले ते इथिओपियाचे डोंगर. तिथल्या लोकांनी लुटू नये म्हणून तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटावी लागली.

“म्हणजे जेवणाचा खर्च वेगळा,” खजिनदार म्हणाले.

दाभोळ-धोपावे फेरीबोट मोटारी घेऊन समोरून आडवी गेली. तिला वाट देऊन मामांनी होडी अंजनवेलच्या गोपाळगडाखालून खाडीच्या मुखाकडं काढली. सकाळपासून चौघांचा एकच घोष होता: समुद्र. तो आला. पहिली लाट नाळेखाली शिरली, होडी उचलली गेली आणि खाली बसली. दुसऱ्या लाटेला दंतवैद्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिसऱ्या लाटेला पट्टीच्या पोहणाऱ्यांनी खलाशी पोराचा दंड धरला. सरांना काही विचारण्यात अर्थ नव्हता, ते कठड्यावरून खाली अरबी समुद्राचं अगदी जवळून निरीक्षण करत होते.

“आनखी पुढं नेऊ?”

चार माना एकदम हलल्या. आडव्या.

दिवेलागणीला दाभोळच्या धक्क्यावर पाय टेकल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. खजिनदारांनी पैसे मोजून दिले, पुन्हा मोजून घेतले, पुन्हा दिले. मग चौघांनी एका सुरात चौकशी केली, “दापोलीची एसटी किती वाजता?”

मामा दोर सोडता सोडता थांबले. “दापोलीला कशाला? गाडी तर गोवळकोटला उभी हाय ना तुमची?”

बराच वेळ कुणी कुणाकडं पाहिलं नाही. दंतवैद्य सगळ्यात आधी होडीत चढले, त्यांच्यामागून खजिनदार, मग सर. पोहणाऱ्यांनी धक्क्यावरून काळ्या पडत चाललेल्या खाडीकडं एकवार नजर टाकली.

“भरती अजून तासभर चढनार. भराभर जाऊ,” मामा इंजिनाची दोरी ओढत म्हणाले. “पन रुतलोच, तर ढकलायला कोन उतरनार ते आत्ताच ठरवून ठेवा.”