रंगचिंतामणी

गाडीचं मॉडेल ठरवायला घराला एक रविवार पुरतो, रंग ठरवायला महिना जातो. मुलीला निळी हवी असते, मुलाला लाल, आणि आजींचं म्हणणं एवढंच की काळी सोडून कोणतीही आणा. या घरगुती लोकशाहीत एक सभासद असा असतो की त्याला कोणताच रंग आवडत नाही आणि कोणताच नावडतही नाही. माहितीपत्रकातल्या समुद्र, संध्याकाळ, हिमशिखर वगैरे नावांच्या रंगांवरून तो थंडपणे बोट फिरवतो आणि सेल्समनला एकच विचारतो, "यावर चरे किती दिसतील?" सेल्समन मायलेजची, हप्त्याची, एअरबॅगची उत्तरं पाठ करून आलेला असतो, या प्रश्नाला तो "सर, कोटिंग करून देऊ" म्हणतो आणि तिथेच फसतो. कारण समोर बसलेला असतो रंगचिंतामणी. ठाण्यापासून कोल्हापूरपर्यंत कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असा एक तरी सापडतो, आणि बाकीचे सभासद त्याला हसतात. हसण्यासारखं त्याच्यात पुष्कळ आहे. पण रंगाच्या बाबतीत बरोबर तोच आहे, आणि हसणारे चुकतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी हसून घेऊ. रंगचिंतामणी गाडी शोरूमच्या उजेडात पाहत नाही. तिथे छतभर पसरलेल्या दिव्यांचा सपाट उजेड असतो, त्यात कोणतीही गाडी निष्कलंक दिसते. तो तिला उन्हात काढायला लावतो आणि ऊन नसेल तर मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरतो. डिलिव्हरीच्या दिवशी इतर लोक पेढे आणतात. हा "गाडी धुऊ नका, आहे तशी द्या" असा लेखी अर्ज आणतो. त्याच्या मते गाडीचा पहिला चरा शोरूमच्या धुण्याच्या जागेतच पडतो. दसऱ्याला झेंडूचा हार घालायला त्याची ना नसते, मात्र हाराचा दोरा बॉनेटवर घासणार नाही इतका आखूड हवा. हळदीकुंकवाचं स्वस्तिक तो काचेवर काढू देतो, कारण काच कठीण असते. लग्नाच्या हॉलवर गेला की वधूवरांआधी पार्किंग पाहून येतो. दुसऱ्याच्या काळ्या गाडीवर बल्बभोवती उमटलेली बारीक रेषांची गोल जाळी दिसली की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते जेवणाच्या पंगतीतही पसरत नाही.

आता त्याची बाजू. हल्लीच्या गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, अशी ती रचना असते. हा वरचा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. चरे पडतात ते यातच. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते काचेलाही ओरखडतात. मऊ क्लिअर कोटची काय कथा? अशा धुळीवर कोरडं फडकं फिरलं की काम झालं. गंमत म्हणजे हे चरे बहुतांशी गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे योग्य कोनात आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. आणि मुख्य गोष्ट अशी की काळ्या गाडीचा क्लिअर कोट पांढऱ्या गाडीच्या क्लिअर कोटपेक्षा हलका नसतो. चरे दोन्हींवर सारखेच पडतात. चरा उजेड विखरून पांढुरका चमकतो. खाली काळा असेल तर ती चमक उठून दिसते, खाली पांढरा असेल तर पांढऱ्यात मिसळून जाते. सिल्व्हरमध्ये तर रंगातच ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. सगळाच पृष्ठभाग चमचमता, त्यात चार चऱ्यांची चमचम कोण वेगळी काढणार? म्हणून त्याची क्रमवारी ठरलेली असते: सिल्व्हर आणि पांढरा वर, फिकट राखाडी त्यांच्यामागे, लाल-निळे मध्ये, आणि साधा, मेटॅलिक नसलेला काळा तळाशी. या यादीत आवडीनिवडीचा भाग नाही. संक्रांतीला हौसेनं काळी साडी नेसणाऱ्या आजी गाडीच्या काळ्या रंगाला अशुभ मानतात, आणि रंगचिंतामणी मायक्रॉन मोजून त्याच निर्णयाला येतो. घरात या दोघांचं एकमत होणारा हा एकमेव विषय.

खरा मुद्दा मात्र रंगापेक्षा फडक्याचा आहे. गाडी नीट धुवायची तर आधी पाण्याच्या फवाऱ्यानं धूळ सोडवायची, मग शाम्पू, एक बादली साबणाची आणि एक फडकं खंगाळायची, स्वच्छ मायक्रोफायबर, सावली. हे सगळं रंगचिंतामणीला पाठ आहे. पण शहरात गाडी धुतो कोण? पहाटे येणारा गाडी पुसणारा. त्याला महिन्याला मिळतात काही शे रुपये, त्यात त्याला लोक ऑफिसला निघायच्या आत रांगेतल्या सगळ्या गाड्या उरकायच्या असतात. बादली एक, फडकं एक, आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की सोसायटीची नोटीस लागते, गाड्या ओल्या करू नयेत. शेजारी बांधकाम चालू असेल तर पहिल्या गाडीवरची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. यात त्या माणसाचा काय दोष? त्या पैशांत आणि त्या पाण्यात दुसरं काही होऊच शकत नाही. लोक रंग निवडताना मनात स्वतःची रविवारची सकाळ धरतात, जी पहिल्या दोन रविवारांनंतर उगवत नाही. रंगचिंतामणी मनात ती एक बादली आणि ते एक फडकं धरतो. गाडी पुढची दहा वर्षं ज्या परिस्थितीत राहणार, तिचा विचार करून रंग घेणारा हा एकटाच गिऱ्हाईक.

यावर पहिला आक्षेप येतो तो कोटिंगवाल्यांचा. सिरॅमिक कोटिंग करा आणि हवा तो रंग घ्या. कोटिंगनं पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, हे खरं. पण तो थर फारच पातळ, आणि वाळू लागलेलं फडकं त्याला जुमानत नाही. पारदर्शक जाड फिल्म लावली तर ती बारीक चरे उन्हाच्या उबेनं बुजवू शकते. फक्त पूर्ण गाडीला लावायचा खर्च ऐकून माणसाच्या मनावर जो चरा पडतो, तो उबेनं बुजत नाही. दुसरे म्हणतात, रबिंग-पॉलिश करून घेऊ. पॉलिश चरा भरत नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडून सपाट करतं. दर दिवाळीला गाडी चकचकीत करणारा गृहस्थ दर दिवाळीला तिचं कवच पातळ करत असतो. मॅट रंगाला तर पॉलिशही चालत नाही, तो तुळतुळीत होऊन बसतो. तिसरा आक्षेप रुबाबाचा: पांढरी गाडी टुरिस्टची वाटते, काळीची बात और. बात और आहेच, पण ती धुतल्यावर पहिले दोन तास. नंतर त्याच काळ्या रंगावर धूळ, बोअरच्या पाण्याचे डाग आणि कबुतरांची कृपा सगळ्यात आधी दिसते. आणि टुरिस्ट गाडी ओळखू येते ती पिवळ्या पाटीवरून.

सर्वांत वजनदार आक्षेप नैतिक आहे. चरे पडू न देणं हा गुण, दिसू न देणं हे ढोंग. पांढऱ्यावरही ते आहेतच, मग हे घाण गालिच्याखाली सारणं नव्हे का? ऐकायला हे भारी वाटतं, पण ते गंजाला लागू पडतं, या चऱ्यांना नाही. गंज लपवला तर पत्रा खातो. नखालाही न लागणारा बारीक चरा पत्र्यापर्यंत पोचत नाही, गाडीचं आयुष्य कमी करत नाही. त्याचा उपद्रव केवळ दिसण्याचा. ज्या दोषाची सगळी कमाई दिसण्यात आहे, तो दिसेनासा झाला की दोष म्हणून त्याच्यापाशी उरतं काय?

एक गोष्ट मात्र त्याच्या विरुद्ध जाते. सिल्व्हर गाडी घेऊनही रंगचिंतामणी सुखी होत नाही. चरे दिसत नसले तरी ते आहेत, हे त्याला ठाऊक असतं, आणि आपण ज्यांना हसलो ते काळ्या गाडीवाले चऱ्यांकडे ढुंकून न पाहता मजेत फिरत असतात. पण हा दोष त्याच्या ज्ञानाचा, सल्ल्याचा नव्हे. सल्ला त्याचा घ्यावा, टॉर्च त्याच्यापाशीच राहू द्यावा. शोरूममध्ये सही करण्याआधी घरात एवढंच विचारा, गाडी पुसणार कोण. उत्तर "मी, दोन बादल्या घेऊन" असं असेल तर खुशाल काळी घ्या. उत्तर "येतो ना सकाळी तो" असं असेल, तर सिल्व्हर बुक करा आणि त्या सकाळी येणाऱ्याला दोन चांगली मायक्रोफायबरची फडकी घेऊन द्या. पॉलिशच्या एका बिलात ती डझनानं येतात.