नाशिकदर्शन-मीमांसा (सातपूर शाखा)

१. विषय आणि व्याप्ती

प्रस्तुत प्रबंधाचा विषय ‘खासगी मार्गदर्शित नगरदर्शन’ हा आहे. बोलीभाषेत या विधीला ‘आलोच आहोत तर नाशिक फिरवून आणा’ असं म्हणतात. जगातल्या इतर जुन्या शहरांत या कामासाठी परवानाधारक गाइड असतो, त्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि तासाचा दर आधी ठरलेला असतो. नाशकात हे काम सातपूरला राहणाऱ्या मेहुण्याकडे असतं. ओळखपत्र त्याच्याही गळ्यात असतं, पण ते कंपनीचं. दर विचारण्याची मात्र आपल्याकडे पद्धत नाही. उलट पेट्रोल, नारळ, चहा, मिसळ आणि शेवटी पाहुण्यांच्या पोरांना कुल्फी, हा सगळा खर्च गाइडनेच करायचा, हा या व्यवसायाचा जगावेगळा विशेष आहे.

इथे शंका निघते की हा मान सातपूरलाच का? नाशकात वस्त्या काय कमी आहेत? उत्तर असं. जुन्या नाशकातल्या माणसाचे नातेवाईक बहुधा जुन्या नाशकातच असतात. त्यांना गाव दाखवायचं म्हणजे गॅलरीत उभं करायचं. सातपूरचं तसं नाही. एमआयडीसी झाली आणि खानदेशातून, कसमादे पट्ट्यातून, मराठवाड्यातून माणसं कामाला आली, चाळीत राहिली, मग वनरूम किचनचे मालक झाली. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि सातपूर कागदावरही नाशिक झालं. पण नातेवाईक मात्र धुळे, चाळीसगाव, वैजापूरलाच राहिले. म्हणजे दाखवायला गाव आहे आणि पाहायला माणसं आहेत, असा योग सातपूरइतका दुसरीकडे जुळून येत नाही.

२. पूर्वसूरी

या शास्त्राचा पहिला ज्ञात ग्रंथकार टॉलेमी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याने आपल्या भूगोलात नाशिकची नोंद केली. तो राहायचा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात आणि नाशकात त्याने पाऊलही टाकलं नव्हतं. स्थळ न पाहता त्याविषयी ठामपणे बोलण्याची जी परंपरा आजच्या गाइडांत दिसते, तिचं मूळ एवढं जुनं आहे.

दुसरं नाव उषवदाताचं. क्षत्रप नहपानाचा हा जावई. आपल्या इतिहासात ‘फिरायला आलेले जावईबापू’ या संस्थेचा एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही. पांडवलेण्यांच्या दहा नंबरच्या लेण्यात त्याने आपल्या दौऱ्याचा वृत्तान्त कोरून ठेवला आहे. पुष्करला स्नान केलं, तिथे तीन हजार गायी आणि एक गाव दिलं, भडोच, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथे विश्रामगृहं बांधली, आणि एकूण गायी दिल्या तीन लाख. आज किल्ल्यांच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्या मंडळींवर आपण संतापतो ते योग्यच आहे. पण फरक नीट समजून घेतला पाहिजे. उषवदाताने आधी लेणं खोदवलं, मग भिंतीवर लिहिलं. भिंत स्वखर्चाने बांधून तिच्यावर कुणी नाव कोरत असेल, तर प्रस्तुत शास्त्राची हरकत नाही.

तिसरा पूर्वसूरी ग्रंथरूप आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’. चक्रधरस्वामी कुठे उतरले, कुठल्या देवळाचं दार कोणत्या दिशेला, त्याच्या शेजारी काय, याची इतकी काटेकोर नोंद त्यात आहे की आजच्या मोबाइलवरच्या नकाशाने खाली मान घालावी. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ म्हणणारी बाई पंचवटीच्या बोळात शिरली की गप्प होते. स्थानपोथी गप्प होत नाही.

३. दिशाविचार आणि संप्रदाय

सातपूर हे नाशिकदर्शनाचं मध्यबिंदुस्थान आहे. तिथून चारी दिशांना एकेक संप्रदाय निघतो. घरातला कर्ता यजमान यांपैकी कोणत्या संप्रदायाचा, हे पाहुणे उतरल्यावर पहिल्या चहातच कळतं.

पश्चिम संप्रदाय त्र्यंबकवादी. यांचं म्हणणं, घर त्र्यंबक रोडवर आहे, गाडीचं तोंड आधीच तिकडे आहे, आणि वीस-बावीस किलोमीटरवर ज्योतिर्लिंग असताना गावात शिरून ट्रॅफिकमध्ये मरायचं कशाला? नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेलं काळ्या दगडाचं देऊळ, कुशावर्त, वर ब्रह्मगिरी. दर्शनाच्या रांगेत चार तास गेले की दिवस आपोआप संपतो आणि गाइडला बोलावं लागत नाही, हा या संप्रदायाचा न बोललेला लाभ. वाटेत अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. तिथे गाडी थांबवू इच्छिणारा या संप्रदायातला पाखंडी समजला जातो.

पूर्व संप्रदाय पंचवटीवादी. रामकुंड, काळाराम, गोराराम, सीतागुंफा, तपोवन असा त्यांचा क्रम. सीतागुंफेत वाकून, रांगत जावं लागतं. इथे प्रत्येक पाहुण्याच्या कमरेचा घेर हा सार्वजनिक चर्चेचा विषय होतो. ‘मामी, तुम्ही बाहेरच थांबा’ हे वाक्य काळजीपोटी बोललेलं असलं, तरी ते पुढे कित्येक लग्नांत निघतं, अशी नोंद आहे.

उत्तर संप्रदाय नव्य आहे. सोमेश्वरचा धबधबा, गोवर्धन, गंगापूर धरण आणि धरणाच्या काठावरची वाइनरी. धबधब्याला पावसाळ्याखेरीज अर्थ नसतो, आणि वाइनरीत ‘फक्त बघायला’ जायचं असतं. किती दाजी फक्त बघून परत आले, यावर संशोधन व्हायचं आहे.

दक्षिण संप्रदाय लेणीवादी. हे सगळ्यांत अल्पसंख्य, कारण पायऱ्या दोनशेच्या आसपास. निम्मे पाहुणे खालीच फाळके स्मारकापाशी सावली धरतात. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं स्मारक पायथ्याशी असावं, म्हणजे वर न चढणाऱ्यांचीही सोय व्हावी, ही योजना प्रस्तुत लेखकाला फार आवडते. सातपूरच्या ज्या घरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, तिथे मात्र हाच संप्रदाय पहिला. ते ‘पांडवलेणी’ म्हणतही नाहीत, शिलालेखात आहे तसं त्रिरश्मी म्हणतात, आणि आधी पायथ्याच्या बुद्धविहारात जातात. पांडवांचा या चोवीस लेण्यांशी काही संबंध नाही, हे त्यांना गाइडने सांगावं लागत नाही.

४. प्रमाणविचार

न्यायशास्त्रात ज्ञानाची प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नाशिकदर्शनात पाचवं मानावं लागतं. ते म्हणजे ‘असं म्हणतात’. या प्रमाणाला पुरावा लागत नाही, ते खोडून काढता येत नाही, आणि ते उच्चारताना गाइडची नजर देवळाच्या कळसाकडे असली पाहिजे. पंचवटीतले रिक्षावाले या प्रमाणाचे आचार्य. दहा स्थळं दाखवण्याचा करार करून ते आठव्या स्थळाला दहावं म्हणून मोजतात, आणि पाहुणा हिशेब विचारण्याच्या बेतात असताना असं एक ‘असं म्हणतात’ टाकतात की पाहुणा हात जोडतो.

सातपूरचा यजमान हा रिक्षावाल्याचाच अनौपचारिक विद्यार्थी. तो पहिल्या पाहुण्यांबरोबर रिक्षात पुढे बसून ऐकतो आणि दुसऱ्या पाहुण्यांना स्वतः सांगतो. ज्ञानाचं हे हस्तांतर मौखिक असल्यामुळे त्यात काही गळतं. काळारामाच्या दारात वनवासातली चौदा वर्षं सविस्तर सांगितली जातात, सरदार ओढेकरांनी देऊळ बांधल्याचंही येतं. पण याच दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला, हे सांगणारा गाइड क्वचित भेटतो. ‘असं म्हणतात’ या प्रमाणाची हीच मर्यादा. जे खरोखर घडलं आणि ज्याची तारीख ठाऊक आहे, ते त्यात बसत नाही.

उलट काही गोष्टींना प्रमाणच लागत नाही. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पाहा. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, ही भाषा गावात लहान पोरालाही कळते. क्युसेकचे आकडे धरणाच्या ऑफिसात राहतात. पूर मोजण्याचं काम मारुतीकडे आहे आणि तो दोन्ही दिशांना पाहत असल्यामुळे त्याच्या मोजमापावर शंका घेता येत नाही. जवळच नारोशंकराच्या देवळावरची घंटा. देऊळ १७४७चं, घंटेवर साल १७२१. वसईच्या विजयातली पोर्तुगीज घंटा मराठ्यांच्या देवळावर आली. देवळापेक्षा घंटा वयाने मोठी, हे ऐकून पाहुणे वर बघतात, आणि त्या क्षणी गाइडला जे समाधान लाभतं, ते त्याला पगारवाढीतही लाभत नाही.

५. शंकासमाधान

पाहुण्यांच्या शंका ठरलेल्या असतात. त्यांची उत्तरं पाठ असणं हा गाइडचा किमान अभ्यासक्रम.

शंका: ‘नोटा छापतात तो कारखाना दाखवा ना.’ समाधान: तो नाशिकरोडला आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आत सोडत नाहीत. पाहुण्याचा यावर विश्वास बसत नाही. सातपूरच्या माणसाची तिथे ओळख असणारच, असं त्याला वाटतं.

शंका: ‘द्राक्षं कुठायत?’ ही शंका जूनमध्ये येते. समाधान: मनुका घेऊन देणे.

शंका: ‘इथून शिर्डी किती?’ या शंकेने गाइडला हायसं वाटतं. उत्तर तातडीने आणि अंतर थोडं कमी करून द्यावं.

खरी परीक्षा असते ती न ठरलेल्या शंकेची. एका दर्शनात पतसंस्थेत वसुलीचं काम करणारे एक दाजी दहा नंबरच्या लेण्याच्या पडवीत उभे होते. देवाधर्मात त्यांना फार रस नव्हता. यजमानाने, वेळ काढायचा म्हणून, उषवदाताची मुदतठेव सांगितली. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक दराने. व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं.

‘थांबा,’ दाजी म्हणाले. मोबाइल काढला. दोन हजारावर एक टक्का, महिना वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. दाजींनी पुन्हा करून पाहिलं. ‘पै न् पै जमतंय की हो! आणि ती दुसरी ठेव?’ हजार कार्षापण, पाऊण टक्क्याने, दुसऱ्या श्रेणीकडे. म्हणजे वर्षाला नव्वद. ‘दोन पतसंस्थांत विभागून ठेवली,’ दाजी गंभीरपणे म्हणाले, ‘शहाणा माणूस. जावई असूनही.’ त्या दिवशी दाजी तीन नंबरच्या लेण्यातही गेले. गौतमी बलश्रीने आपल्या पराक्रमी मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, केलेलं कौतुक त्यांनी शांतपणे ऐकलं. ज्या नहपानाला त्या मुलाने हरवलं, त्याच्याच जावयाच्या लेण्यासारखं लेणं शेजारी खोदलं गेलं, हे कळल्यावर मात्र ते म्हणाले, ‘म्हणजे सोसायटीत शेजाऱ्याचं ग्रिल बघून आपण करतो तसंच.’

परत येताना गाडीत दाजींनी विचारलं, ‘ते विणकर राहायचे कुठे?’ शिलालेख सांगतो, गोवर्धनात. आणि गंगापूर रोडवरचं गोवर्धन तर सातपूरच्या उशालाच. यजमान त्या रस्त्याने रोज दूध आणायला जात होता.

६. सिद्धान्त

आता निष्कर्ष. पूर्वपक्ष असं म्हणतो की नाशिकदर्शन हे पाहुण्यांसाठी असतं. हा पक्ष टिकत नाही. पाहुणा चार दिवसांत फोटो टाकतो, आठ दिवसांत नावं विसरतो आणि वर्षभरात नारोशंकर आणि सुंदरनारायण ही दोन देवळं एकच समजू लागतो. त्याच्या हाती शिल्लक राहते ती चिवड्याची पिशवी. ज्ञान साचतं ते यजमानाकडे. पाळी, ओव्हरटाइम, हप्ते आणि पोरांची शाळा यांत गाव पाहायला त्याला सवड नव्हती आणि कारणही नव्हतं. पाहुणा आला म्हणून तो लेणी चढला, पाहुण्याने विचारलं म्हणून त्याने वाचलं, आणि पाहुण्यासमोर अडखळायला नको म्हणून त्याने लक्षात ठेवलं. उत्तर देता देता तो इथला झाला. उषवदातही बाहेरचाच होता. त्याचं नाव इथल्या दगडावर राहिलं, कारण त्याने इथे काहीतरी ठेवून मुद्दल परत मागितलं नाही.

फलश्रुती: जो यजमान हे शास्त्र नित्य आचरील, त्याला दिवाळीत व उन्हाळी सुट्टीत पाहुण्यांची वाण पडणार नाही. त्याची साप्ताहिक सुट्टी अखंड खर्ची पडेल. त्याची गाडी सदैव सात माणसांनी भरलेली राहील, आणि आठव्याला मांडीवर जागा मिळेल. कालांतराने तो गावाकडच्या एखाद्या लग्नात गेला असता, कुणीतरी नाशिकबद्दल चुकीचं काही बोलेल, आणि तो जेवणाच्या पंगतीतून मान वर करून ‘तसं नाही, आमच्याकडे ना…’ असं म्हणेल. तिथे बसलेली त्याची बायको त्याला कोपराने ढोसेल. तरीही तो बोलत राहील.