सुबक पानांचा नाद

लांबलचक प्रबंध लिहायला बसलेल्या माणसाला हमखास एखादा हितचिंतक भेटतो. "वर्डमध्ये कशाला हाल करून घेतोस? लाटेक शीक की!" त्यानंतर प्रबंधाचं काय होतं, ते मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय. दुसरं प्रकरण अडलेलं असतं. पण समास इतके देखणे झालेले असतात, की नुसतं बघत बसावं.

यात शिकणाऱ्याला बोल लावू नये. हे लाटेकच्या घराण्याचंच वळण आहे. 1977 साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची, नव्या फोटोटाइपसेटिंगची प्रुफं आली. खिळ्यांच्या छपाईला सरावलेल्या डोळ्यांना ती बघवेनात. दुसऱ्या कोणी प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहून रागाला वाट करून दिली असती. यांनी ग्रंथ बाजूला ठेवून पानं जुळवणारी प्रणालीच लिहायला घेतली. काम वर्षभरात आटपेल असं वाटलं होतं. लागली दहाएक वर्षं. ग्रंथाच्या सात खंडांचा संकल्प होता, त्यातला चौथा अजून भागाभागांनी येतोच आहे. त्या प्रणालीचं नाव टेक. पुढे 1980 च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ती सोपी करून दिली, तेच लाटेक. आता सोपी कोणाला, हा प्रश्न विचारू नये.

इथे लिहिताना पान दिसतच नाही. मजकुरात बॅकस्लॅश आणि महिरपी कंस पेरत जायचं: हे प्रकरण, हे उपशीर्षक, ही तळटीप. एक कंस मिटायचा राहिला, की यंत्र भलत्याच ओळीवर बोट ठेवतं. मदत मागितली तर देतं. आणि त्याचीही अक्कल संपली, की 'एखाद्या माणसाला विचारून पाहा' असं सुचवतं. हा विनोद मुद्दाम आत ठेवलेला आहे. रात्री दोन वाजता तो कळत नाही.

खरी करामत ओळी पाडण्यात आहे. टेक एकेक ओळ भरत जात नाही. अख्खा परिच्छेद समोर ठेवून कुठे तोडलं तर सगळ्याच ओळी बऱ्या दिसतील, याचा हिशोब करतं. प्रत्येक ओळीला वाईटपणाचे गुण देतं, जास्तीत जास्त 10,000. भाजीला नावं ठेवत दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या आत्याबाईंसारखं, पूर्ण गुण मिळवणारी ओळही ते तक्रार नोंदवून छापतंच.

आपल्या लिपीची सोयही झाली आहे. टेकचं युनिकोड समजणारं भावंड झीटेक आहे, मुंबईच्या आयआयटीत घडलेला 'शोभिका' फाँट आहे. 'भाषा मराठी' एवढं एका ओळीत सांगितलं, की काही फाँटमधले ल आणि श हिंदी वळण सोडून आपल्या वळणावर येतात. ही ओळ सापडलेला माणूस त्या दिवशी प्रबंधाला हात लावत नाही. तो सगळ्यांना ल दाखवत फिरतो. पुढे एखादा लांबलचक सामासिक शब्द थेट समासात घुसतो, मग त्याला कुठे तोडावं या विवंचनेत आठवडा जातो.

टेकमध्ये आता नवं काही घालायचं नाही, असं कनूथ यांनी ठरवून टाकलंय. फक्त चुका दुरुस्त होतात, आणि दर दुरुस्त आवृत्तीला क्रमांक गणितातल्या 'पाय'च्या दिशेने एक अंक सरकतो. आपल्या मृत्यूनंतर तो कायमचा 'पाय' करावा आणि तेव्हा उरलेल्या सगळ्या चुकांना वैशिष्ट्यं म्हणावं, अशी त्यांची इच्छा आहे. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी ही सवलत अजून कोणाला दिल्याचं ऐकिवात नाही.