सेव्हन सीटरचे अण्णा

भांडुप, डोंबिवली किंवा विरारमधल्या बहुतेक कोकणी घरांत एक अण्णा असतात आणि अण्णांची एक ईको असते. गाडी 'सगळ्यांसाठी' घेतलेली असते. म्हणजे हप्ते अण्णांनी भरायचे आणि बसायचं सगळ्यांनी. गणपती जवळ आले की बाकीचे मखर आणि आरतीचं पुस्तक शोधायला लागतात, तेव्हा अण्णा गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढून बसतात.

गाडी कडक परिस्थितीत चालत असेल तर ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक हे सगळं नेहमीपेक्षा लवकर बघा, असं तीत छापलेलं असतं. कडक म्हणजे काय, तर धूळ, खराब रस्ता, घाट, भरलेली गाडी आणि रेंगाळणारी वाहतूक. अण्णा एकेका कलमावर पेन्सिलीने खूण करतात आणि म्हणतात, "माणगाव येईपर्यंत सगळं होतं." मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून या यादीतलं एकही कलम खोडायची वेळ अण्णांवर आलेली नाही.

मग गॅरेज. तिथे अण्णा स्टूल घेऊन गाडीशेजारी बसतात आणि पोराने एक जरी नट हाताने नुसता फिरवून सोडला तरी "पाना लाव" म्हणतात. काढलेला प्रत्येक भाग घरी येतो, कारण तो खरंच बदलला याचा पुरावा नको का? घासलेले ब्रेक पॅड, काळे एअर फिल्टर, जुनी क्लचप्लेट सगळं माळ्यावर. काकू मोदकपात्र काढायला स्टुलावर चढतात आणि हाताला बेअरिंग लागतं. घराण्याचा इतिहासही याच मालावर लावलेला आहे. "धाकट्याचं लग्न? पुढचे शॉकॲब्सॉर्बर टाकले त्याच वर्षी."

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलल्याशिवाय त्याचं दर्शन नाही, आणि त्या सीटवर काकू. त्यामुळे वडखळला चहा, कोलाडला वडापाव, कुठेही गाडी थांबली की काकूंना आधी पर्स, पाण्याची बाटली आणि मांडीवरचा फुलांचा पुडा घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागतं. अण्णा सीट उचलतात, आत डोकावतात, "ठीक आहे" म्हणतात आणि सीट पाडतात. इतक्या वर्षांत आत काही बिघडलेलं कुणी पाहिलेलं नाही.

निघण्यापूर्वी माणसं बसवणं हा मोठा सोहळा. अण्णांच्या लेखी नातेवाईक म्हणजे भार, आणि भार दोन्ही चाकांवर सारखा आला पाहिजे.

"मामी, तुम्ही मधे. डावीकडे नको, मधोमध."

"मागे बसते की, खिडकी आहे."

"नको नको. मागच्या ॲक्सलवर आधीच मखर आहे."

मखर पुठ्ठ्याचं आहे हे मामींना ठाऊक असतं. त्या चिपळूणपर्यंत बोलत नाहीत.

एरवी अण्णांची भाषा ऑफिसच्या अर्जासारखी शुद्ध. गाडीला धोका दिसला की ती थेट मालवणी होते. पुतण्याला एकदा स्टिअरिंग दिलं होतं. पहिल्याच चढावर आवाज आला, "मेल्या, क्लचवरचो पाय काढ!" तेव्हापासून पुतण्या मागच्या ॲक्सलवर.

ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे अण्णांचं तत्त्व. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, ओल प्यालेलं ऑइल उतारावर तापलं की उकळतं, त्यात बुडबुडे धरतात आणि पेडल नुसतं खाली जातं, हे त्यांनी साखरपुड्याच्या पंगतीत व्याह्यांना दोन जिलब्यांच्या मधल्या वेळात समजावलेलं आहे. कशेडीला बोगदा झाला तेव्हा सारं कोकण सुखावलं. अण्णा तेवढे हिरमुसले. इतकी तयारी करायची आणि घाटच नाही! भोस्ते आणि परशुराम अजून आहेत, एवढाच काय तो दिलासा.

अण्णांचं खरं दुःख वेगळंच. गाडी बंद पडली तर सगळे बोलतात. बंद पडली नाही तर कोण बोलणार? ब्रेक वेळेवर लागला म्हणून आजवर कुणी नारळ फोडलेला नाही. गाडी नीट पोचते आणि लोक म्हणतात, "बाप्पाची कृपा." कूलंटचं नाव कुणी काढत नाही. म्हणून वर्षभर अण्णा मनातल्या मनात एका ब्रेकडाउनची वाट पाहत असतात. दुसऱ्याच्या.

आणि कोकणचा रस्ता त्यांना कधी निराश करत नाही. भोस्त्याच्या चढाला कुणाची तरी भरलेली गाडी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी असते. मालक ओलं फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच ईको कडेला लागते. "थय हात लावू नको मेल्या!"

पुढचा तास अण्णांचा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, हे आधी. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, हे नंतर. मग इंजिन निवेपर्यंत प्रश्नोत्तरं: कूलंट कधी बदललं? नुसतं विहिरीचं पाणी घालत होता? फॅन फिरतो का? समोरचा इसम नापास विद्यार्थ्यासारखा मान खाली घालून उभा. शेवटी काकू पुन्हा रस्त्यावर येतात, सीटमागून अण्णांचा स्वतःचा कूलंटचा डबा निघतो आणि त्यातला निम्मा त्या गाडीला जातो. ईकोतून लहान मुलं "आजोबा, भूक" म्हणून ओरडत असतात. मामी चिपळूणच्या आधीच मौन सोडतात: "या माणसाला गणपतीला न्यायचंय की गॅरेजला?"

ती गाडी सुरू होते. मालक हात जोडून पैसे विचारतो. अण्णा हातानेच उडवून लावतात आणि खिशातली वही काढतात. त्या अनोळखी गाडीचा नंबर, मालकाचा मोबाइल, आजची तारीख. खाली लाल शाईने: 'हा माणूस विसरणार. दिवाळीनंतर फोन करून कूलंटचं विचारणे.'