दौऱ्याचा बंदोबस्त

सातारा प्रांतीच्या सहलीचे आमच्या एका स्नेह्यांनी सिद्ध केलेले टिपण पाहून मेणवलीच्या दप्तरानेही मान खाली घालावी. मुक्कामी ऊन पाणी सहा ते सातच येते, ही वर्दी मिळताच सूर्योदय रद्द करण्यात आला. औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांस चार मिनिटे व पादत्राणे हुडकण्यास नऊ मंजूर झाली. ठोसेघरास मात्र पाऊण तास बहाल होता. आणि सुट्या वैशाखात पडतात व धबधबा आषाढात, एवढ्या क्षुल्लक सबबीवर हुकूम मोडण्याचा त्या घराण्यात प्रघात नसल्यामुळे, समस्त कुटुंबाने कठड्याशी रांगेने उभे राहून कोरड्या कड्याचे पाऊण तास यथासांग अवलोकन केले, आणि तुषारांनी भिजू नये म्हणून ठरल्या मिनिटास छत्र्याही उघडल्या.