न वाजवता वाजणारा

पुतण्याच्या खोलीत चौदा इंची स्नेअर ड्रम आला तेव्हा घरादाराने कानांची तयारी केली होती ती त्याच्या वाजण्यासाठी. पण हा गृहस्थ कोणी वाजवत नसतानाच जास्त बोलतो. त्याचं वरचं पान स्टिकचा मार खाण्याइतकं जाड. खालचं मात्र इतकं तलम, की इंचाचे हजार भाग करावेत आणि त्यातले जेमतेम तीन घ्यावेत. त्या पानाच्या पोटाला बिलगून पोलादी तारेच्या वीस बारीक स्प्रिंगा. वर स्टिक पडली की आतली हवा खालचं पान ढकलते, तारा त्यावर आपटतात आणि 'ठण्ण'चं 'छर्रर्' होतं. पूर्वी इथे आतड्याची तात असे. पण नाजूकपणाचा तोटा असा, की शेजारचा टॉम ड्रम वाजला, बास गिटारची जाड तार छेडली, एवढंच काय फ्रिज घुरघुरला, तरी हा आपला थरथरतो. हाक धाकट्याला मारली तरी माजघरातून 'ओ' देणारी एक आत्या पूर्वी घरोघरी असे, तसा.

पुतण्या ड्रम सुरात लावायला चावी घेऊन बसला. कडेचा एक स्क्रू पिळायचा, मग त्याच्या बरोबर समोरचा. ओळीने पिळले तर पान एका अंगाला ओढलं जातं. काठापासून दोन बोटं आत टिचक्या मारत प्रत्येक स्क्रूपाशी तोच स्वर येतो का ते ऐकायचं. तारा फार आवळल्या तर आवाज घुसमटतो, सैल सोडल्या तर फरफरतो. बाजूचा खटका पाडला की तारा पानापासून सुटतात आणि करकर मिटते. पण मग उरतो तो निव्वळ डबा. मला राहून राहून सतारीच्या तरफा आठवत होत्या. त्यांनाही बहुतेक वेळ कोणी हात लावत नाही, वरचा सूर जुळला की त्या आपसूक झंकारतात, आणि ते ऐकायला आपण तिकीट काढून जातो.

संध्याकाळी आई पेटी घेऊन बसते. तिचा पंचम लागला की आतल्या खोलीतून बारीक करकर येई. पुतण्याने खालच्या पानाचे स्क्रू पाव पाव फेरा आवळले. पंचम निवांत गेला. आई वर सरकली, तर करकर धैवतावर जाऊन बसलेली. तिने भाता थांबवला.

"काय रे, पंचमाला बरी साथ करत होता की! कशाला बिघडवलास त्याला?"