गोठ्यातली स्पोर्ट्स कार

आंबीला मामाकडे गेलं की चहाच्या आधी भांडण मिळतं. मामाचा छोटा हत्ती टेम्पो पहाटे गुलाब घेऊन गुलटेकडीला जातो आणि येताना पेंड, खत, कुणाची तरी आत्या, असं काहीही घेऊन येतो. मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या मोबाइलमध्ये गाड्यांचे शेकडो फोटो आहेत, मामाचा एकही नाही. रविवारी सकाळी तो द्रुतगती मार्गाच्या कडेला उभा राहून लोणावळ्याकडे सुसाटणाऱ्या स्पोर्ट्स कार मोजतो.

"दादा, लँबोर्गिनीची हुराकान शून्यावरून शंभरला ३.२ सेकंदांत जाते," तो मामाला म्हणाला.

"आन् मग?" मामा.

"मग तीनशेच्या वर."

"कुठं? एक्स्प्रेसवेला मर्यादा शंभरची. सव्वातीन सेकंदांत खेळ खलास. ऱ्हायलेल्या वाटंला काय भजन करायचं?"

"अहो, पण तिचा पिकअप..."

"माल किती घेती?"

"दोन माणसं आणि एक बॅग."

"म्हंजी आत्या बसंल, आत्याचं गाठोडं न्हाई. आन् किंमत?"

"तीन कोटींच्या वर."

मामाने कपाळाला हात लावला. "तेवढ्यात हत्तींचा कळप येतोय की रं!"

गेल्या पावसाळ्यात एक लालभडक स्पोर्ट्स कार वाट चुकून गावात शिरली आणि पहिल्याच गतिरोधकापाशी थबकली. पोट जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच नाही. मालक उतरून, म्हैस गाभण आहे का बघावं तसा वाकून वाकून बघू लागला. शेवटी मामाने हत्तीतल्या फळ्या काढून दिल्या. त्यांवरून ती नव्या नवरीसारखी पावलापावलाने पलीकडे गेली. फळी धरलेला हात मामेभावाने दोन दिवस धुतला नाही.

वादात मामा जिंकतोय असं वाटत होतं, तेवढ्यात मामेभावाने पान टाकलं. "लँबोर्गिनीच्या चिन्हावर काय आहे माहितीये? बैल!"

मामा एकदम गप्प. कारण गोठ्यात त्याचा शर्यतीचा खोंड आहे. दूध, अंडी, बदाम खातो. मामी म्हणते, देवा, पुढच्या वेळी मला याचाच जन्म दे.

मी विचारलं, "मामा, हा औताला चालतो का?"

"याला औताला? खुळा हायेस का!"

"मग माल किती घेतो?"

उत्तर नाही. शर्यतीच्या घाटात त्याचं काम बारा-तेरा सेकंदांचं. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली, ती डिसेंबर २०२१ मध्ये उठली. मधली सगळी वर्षं याच दावणीला एक बैल नुसता खात उभा होता आणि मामा त्याला रोज गोंजारत होता. गॅरेजमध्ये गाडी झाकून ठेवणारे श्रीमंत वेगळं काय करतात?

आता मामेभाऊ जिंकला म्हणावं, तर तेही खरं नाही. लँबोर्गिनीच्या संस्थापकाने आधी १९४८ पासून ट्रॅक्टर बनवले. स्पोर्ट्स कारची कंपनी काढली १९६३ साली. म्हणजे मुळात बैल औताचाच.

आणि २०२२ साली चिखलीला बैलगाडा शर्यत झाली, तिथे सगळ्यात वेगवान बैलांच्या मालकांसाठी बक्षिसं होती जेसीबी, बोलेरो आणि ट्रॅक्टर. स्पोर्ट्स कार कुणी ठेवली नव्हती.